खटलाच चालला नाही!



अमेरिकेतील ‘वेदर’ या जहाल डाव्या गटाचे एक संस्थापक बिल एअर्स बॉम्बस्फोटांच्या आरोपांतून ‘निर्दोष सुटून प्राध्यापक झाले’, हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे विधान चुकीचे आहे. खटला चाललाच नाही. सरकारी यंत्रणेची बेकायदा पाळत अंगाशी आली आणि आरोप मागे घ्यावे लागले. १९७० मध्ये न्यूयॉर्कमधील एका घरात बॉम्ब बनवताना स्फोट होऊन याच गटाचे तिघे मेले, हेही विसरू नये. बराक ओबामा तेव्हा आठ वर्षांचे होते! तरी २००८च्या अध्यक्षीय निवडणुकीच्या प्रचारात त्यांना एअर्स यांच्याशी असलेल्या ओळखीवरून झोडपले गेले. ज्या कामातून ही ओळख झाली, त्या शिकागोतील शाळासुधारणेवर मात्र फारसे कोणी बोलले नाही. बॉम्बचा जाब जरूर विचारा. पण शिक्षकाची परीक्षा त्याच्या शिकवण्यावरूनच व्हावी.

— एक निवृत्त शिक्षक, पुणे