समुद्राखालचा जमाखर्च

दिवाळीच्या वहीपूजनानंतर घाटकोपरच्या एका दुकानदार स्नेह्यांकडे बसलो होतो. त्यांचा बारा वर्षांचा नातू मोबाईल पुढे करीत म्हणाला, "आजोबा, मालवणला स्कूबा डायव्हिंगला जाऊ या. पाहा, दर किती थोडा आहे!" आजोबा हसले. "बाळ, हा नुसता भाव झाला. घरात पडेपर्यंतची किंमत निराळी असते." आणि त्यांनी कोऱ्या पानावर एकेक रक्कम मांडावयास घेतली.

पहिली प्रवासाची. ठाण्याहून कोकण रेल्वेने कुडाळ, तेथून मालवण सुमारे 30 किलोमीटर. आरक्षण 60 दिवस आधी उघडते. त्या दिवशी चुकल्यास खासगी गाडीचा खर्च सोसावा लागतो. विमानाने परतायचे असेल, तर एका डुबकीनंतर 12 तास आणि अनेक डुबक्यांनंतर 18 तास थांबावे असा दंडक आहे. म्हणजे बहुधा एक मुक्काम वाढला.

दुसरी भोजनाची. मालवण हे मासळीचे गाव. कंदमुळाविना आणि सूर्यास्तापूर्वीचे जेवण हवे, तर आधी सांगून ठेवावे व त्याचे पैसे वेगळे धरावेत.

तिसरी प्रशिक्षणाची. प्रथमच उतरणाऱ्याने साधने विकत घेऊ नयेत. ती दरात धरलेली आहेत एवढे विचारावे. पाडी या जागतिक संस्थेच्या नियमांनुसार किमान वय 10 वर्षे. ओळखीच्या डुबकीस 12 मीटर, 'ओपन वॉटर' प्रमाणपत्रधारकास 18 मीटर खोलीची मर्यादा. प्रमाणपत्राचा अभ्यासक्रम अनेक दिवसांचा, म्हणून मुक्कामही तितके. पर्यटन महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था तारकर्लीस आहे. तेथील दर समोर ठेवून इतरांचे पारखावेत. येथे घासाघीस मात्र नको. "एका प्रशिक्षकामागे पाण्यात किती जण?" हे आधी विचारावे. स्वस्ताई पुष्कळदा तेथेच दडलेली असते.

चौथी रक्कम वैद्यकीय तपासणीची. येथे आजोबांची लेखणी थांबली. नातवाला लहानपणी दमा होता. "फॉर्मवर 'नाही' लिहू या ना," मुलगा हळूच म्हणाला. आजोबा गंभीर झाले. "दुकानात खोटी नोंद केली तर दंड भरून सुटता येते. पाण्याखाली श्वास अडकला तर तो भरून देणारा कोणी नाही." मग चौथी रक्कम खोडून त्यांनी ती सर्वांत वर लिहिली. डॉक्टरांचा होकार येईतो कोणासही इसार द्यायचा नाही, असे ठरले.

डॉक्टरांनी श्वसनाच्या चाचण्या करून यंदा थांबावयास सांगितले. मुलगा दोन दिवस रुसला. पुढे पावसाळ्यात मालवणचे डायव्हिंग बंद असते आणि चातुर्मासात या घरचा प्रवासही. ते महिने त्याने तरणतलावावर काढावेत व नंतर पुन्हा तपासणी करावी, असा बेत झाला आहे.

परवा ती वही मी पाहिली. पान फाडलेले नाही. तळाशी आजोबांच्या वळणदार अक्षरांत एवढेच लिहिले आहे: 'शिल्लक पुढे ओढली.'