न कबूल केलेली आवड

प्राध्यापक-कक्षात चित्रपटांचा विषय निघाला की चर्चा सत्यजित राय यांच्यापासून सुरू होते आणि फार तर ‘श्वास’पर्यंत येऊन थांबते. गेल्या पावसाळ्यात मात्र एका दुपारी वीज गेली आणि अंधारात कोणीतरी तात्या विंचूचे हसू काढले. पुढचे संवाद पाच-सहा जणांनी अचूक क्रमाने म्हटले. वीज आली तेव्हा सर्वजण उत्तरपत्रिकांत डोके घालून बसले होते!

पॉल सॅम्युएलसन यांनी १९३८ मध्ये प्रकट पसंतीचा विचार मांडला. ग्राहकाला काय आवडते हे त्याच्या बोलण्यावरून नव्हे, तर तो प्रत्यक्ष काय निवडतो त्यावरून ओळखावे, असा त्याचा आशय. हा सिद्धांत प्रस्तुत लेखक दरवर्षी शिकवतो. त्याचे इतके चोख उदाहरण मात्र क्रमिक पुस्तकात सापडले नव्हते.

महेश कोठारे यांचा ‘झपाटलेला’ १९९३ चा. मरणाऱ्या गुंडाचा आत्मा बाहुल्यात शिरतो, ही कल्पना १९८८ च्या ‘चाइल्ड्स प्ले’ या अमेरिकी चित्रपटातली, हे उघड आहे. परंतु बाहुला घडवला तो रामदास पाध्ये यांनी, अर्धवटरावांना जन्म देणाऱ्या यशवंत पाध्ये यांच्या चिरंजीवांनी; आणि तात्या विंचू साकारला दिलीप प्रभावळकरांनी. याच प्रभावळकरांनी २००६ साली ‘लगे रहो मुन्नाभाई’त गांधीजी उभे केले. गांधीजींचे कौतुक आपण चारचौघांत करतो, तात्या विंचूचे अंधारात. कलावंत एकच असताना हा पंक्तिभेद का?

अशा चित्रपटांत दोष नाहीत असे मुळीच नाही. कथानक ठिगळांचे, विनोद पुष्कळदा ओढूनताणून आणलेला, आणि स्त्रीपात्रांना नाचण्या-किंचाळण्यापलीकडे फारसे काम नाही. हे सर्व मान्य करूनही आपण ते पुन्हा पाहतो. याचे कारण कोकणातल्या माणसाला परके वाटू नये. शिमग्यात नमन-खेळ्यांबरोबर संकासुर अंगणात येतो. काळा पेहराव, उंच टोपी, पांढरी दाढी. पोरे किंचाळत पळतात आणि पडवीच्या खांबाआडून हसत पुन्हा डोकावतात. भय आणि हसू एकाच श्वासात घेण्याची सवय आपल्याला तिथेच लागलेली असते. संकासुराला लोककला म्हणून मान देणाऱ्या विद्वानांनी ‘धडाकेबाज’मधल्या कवट्या महाकाळाकडे पाहून नाक मुरडावे, यात सुसंगती दिसत नाही.

हा प्रश्न केवळ दांभिकतेचा असता तर लेखणी उचलण्याचे कारण नव्हते. परंतु ज्या गोष्टीची आवड कोणी उघडपणे सांगत नाही, तिच्या जतनाची मागणीही कोणी करीत नाही. ‘आलम आरा’ (१९३१) हा आपला पहिला बोलपट; त्याची एकही प्रत आज उपलब्ध नाही. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची स्थापना १९६४ ची, आणि तिथल्याही अनेक जुन्या नायट्रेट फिती २००३ च्या आगीत गेल्या. सन्मान्य चित्रपटांची ही गत, तर ज्यांची लाज वाटते त्यांची काय असेल? गाजलेल्या ‘झपाटलेला’ला २०१३ मध्ये त्रिमितीतला दुसरा भाग तरी लाभला. त्याच काळातल्या, नाव विसरलेल्या डझनावारी भयपटांना आणि विनोदपटांना कोण विचारतो? जतनाची यादी अभिरुचीवर सोडली तर ती त्या-त्या पिढीच्या संकोचाची यादी होईल. चित्रपटाचे मूल्यमापन पन्नास वर्षांनीही करता येते. त्यासाठी प्रत मात्र शिल्लक असावी लागते.

आमच्या घरी दूरदर्शन संचावरून मुद्रित केलेली ‘धडाकेबाज’ची व्हिडिओ फीत आहे. रत्नागिरीच्या दमट हवेत तिला बुरशी धरली आहे. मागच्या मे महिन्यात लावली तेव्हा गंगाराम बाटलीतून बाहेर येण्याआधीच चित्र फुटले. महाविद्यालयाच्या चित्रपट मंडळाने यंदाच्या कार्यक्रमात या चित्रपटाची चांगली प्रत मिळवून दाखवावी, असा अर्ज मी दिला आहे. त्यावर सही करण्यास तीन सहकारी तयार झाले. त्यांपैकी दोघांनी आपली नावे सूचनाफलकावर लावू नयेत, अशी विनंती केली आहे.