शिक्षकाचा तास कुठल्या रोस्टरवर?

माझ्या सासरच्या गावी दर दिवाळीला एक प्रश्न ठरलेला असतो, "वहिनी, स्वतःचा दवाखाना कधी टाकताय?" मी सरकारी मेडिकल कॉलेजात मेडिसिन विभागात सहयोगी प्राध्यापक आहे, मुलांना शिकवते, हे सांगून झालं की समोरचा मान डोलावतो आणि म्हणतो, "ते झालंच हो, पण दवाखाना?" त्याला मी दोष देत नाही. डॉक्टर म्हणजे पेशंट तपासणारा माणूस. शिकवणं हे त्यातलंच येता-जाता उरकायचं काम असणार, असं कुणालाही वाटेल. पंचाईत ही की ज्यांनी आमची पदं मंजूर केली, त्यांनाही तसंच वाटतं. आणि आमच्यातल्या बऱ्याच जणांनाही.

आमच्याकडे शिक्षक होण्याची रीत साधी आहे. एमडी झालात, वर्षभर सीनियर रेसिडेंट म्हणून काढलंत, जाहिरात निघाली, की तुम्ही असिस्टंट प्रोफेसर. कालपर्यंत ज्याची ड्युटी दुसरा कुणी लावत होता, तो आज डायसवर उभा राहून दीडशे मुलांना हार्ट फेल्युअर समजावून सांगतो. शाळेत चौथीला शिकवायचं तर डी.एड. लागतं. आमच्याकडे पेशंट चांगला बघता येतो म्हणजे शिकवताही येत असणार, असं धरून चाललेलं आहे.

आता युनिटचा इमर्जन्सीचा एक दिवस घ्या. सकाळी नऊला लेक्चर, मग ओपीडी. ओपीडीतून उठून मुलांचं क्लिनिक घ्यायचं, तोवर आयसीयूतून फोन येतो. दुपारी दिव्यांग प्रमाणपत्रांचा बोर्ड. महात्मा फुले योजनेतल्या पेशंटचं अप्रूव्हल अडकलेलं असतं, त्या क्वेरीला उत्तर द्यायचं. जुन्या मेडिको-लीगल केसमध्ये तालुक्याच्या कोर्टाचं समन्स आलेलं असतं. तिथे दिवसभर बाकावर बसायचं आणि पुढची तारीख घेऊन परतायचं. मंत्र्यांचा दौरा असला की ताफ्यातल्या अँब्युलन्समध्ये एक फिजिशियन लागतो, तो आमच्यातूनच जातो. एमडीच्या मुलाचा थिसिस टेबलावर वाट बघत पडलेला असतो. 2019 साली क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम आल्यापासून प्रत्येक मुलाच्या लॉगबुकात ठरलेल्या कौशल्यांपुढे शिक्षकाची सही लागते. ती सही मुलाने ते कौशल्य करून दाखवल्यावर करायची असते. टर्मच्या शेवटी लॉगबुकांचा गठ्ठाच्या गठ्ठा टेबलावर येऊन आदळतो, तेव्हा ती कशी होते हे वाचकांनीच समजून घ्यावं.

दौऱ्याचं सोडलं तर यातलं एकही काम टाळण्यासारखं नाही. पण रोस्टर उघडून बघा. त्यावर ओपीडी आहे, वॉर्ड आहे, इमर्जन्सी आहे, लेक्चरही आहे. लेक्चरची तयारी नाही. थिसिस वाचणं नाही. शिकवायचं कसं हे शिकणं तर औषधालाही नाही. सरकारी दवाखान्यात जे रोस्टरवर नसतं ते घडत नाही. घडलंच तर कुणीतरी आपल्या झोपेतून काढून दिलेलं असतं.

कागदावर मात्र शिक्षकांच्या विकासाची तरतूद भरपूर आहे. 1997 च्या नियमांपासून प्रत्येक मेडिकल कॉलेजात वैद्यकीय शिक्षणाचा स्वतंत्र कक्ष असणं बंधनकारक आहे. 2009 पासून तेव्हाच्या मेडिकल कौन्सिलने शिक्षकांच्या मूलभूत कार्यशाळा सुरू केल्या. 2020 मध्ये कौन्सिल जाऊन राष्ट्रीय वैद्यकीय आयोग आला, त्यानेही त्या चालू ठेवल्या. बढतीला हा कोर्स लागतो, संशोधनपद्धतीचा एक ऑनलाइन कोर्स लागतो, शोधनिबंध लागतात. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी टिकवायला पाच वर्षांत 30 क्रेडिट लागतात ते वेगळंच.

तीन दिवसांचा तो मूलभूत कोर्स वाईट आहे असं मी अजिबात म्हणणार नाही. त्यात मायक्रोटीचिंग असतं : पाच-सात मिनिटांचा पाठ घ्यायचा आणि बरोबरीच्या लोकांनी त्यातलं काय जमलं, काय फसलं ते तोंडावर सांगायचं. रक्ताच्या थारोळ्यात शांत उभ्या राहणाऱ्या सर्जनला तिथे घाम फुटलेला मी पाहिला आहे. चौथ्या दिवशी मात्र माणूस पुन्हा त्याच ओपीडीत आणि त्याच जुन्या पॉवरपॉइंटवर. सर्टिफिकेट फाइलला लागतं, फाइल बढतीच्या प्रस्तावाला लागते, विषय संपतो.

याहून वेगळं करता येतं, आणि ते आपल्या मुंबईतच झालेलं आहे. परळचं सेठ गोर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेज 1926 मध्ये सुरू झालं. सरकारी मेडिकल कॉलेजातल्या वरच्या जागा तेव्हा इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या गोऱ्या अधिकाऱ्यांच्या हाती असत. म्हणून देणगी देणाऱ्या विश्वस्तांनी अट घातली की इथे शिकवणारे भारतीयच हवेत. इमारत किती मजल्यांची आणि खाटा किती, याआधी शिकवणार कोण, हे त्यांनी करारात लिहून घेतलं. त्याच कॉलेजात 2005 मध्ये भारतातलं पहिलं फायमर केंद्र निघालं. फायमर ही फिलाडेल्फियाची वैद्यकीय शिक्षणातली संस्था. तिच्या फेलोशिपला निवडलेले शिक्षक काही दिवस एकत्र शिकतात आणि स्वतःच्या विभागातली शिकवण्याची एखादी अडचण प्रकल्प म्हणून घेऊन घरी जातात. मग वर्षभर ते सोडवत राहायचं आणि तेवढाच काळ बाकीच्या फेलोंशी, मार्गदर्शकांशी बोलत राहायचं. दुसऱ्या वर्षी येऊन काय झालं ते सगळ्यांपुढे मांडायचं. माझ्या ओळखीचे जे जे लोक यातून गेले, ते व्याख्यानांबद्दल फारसं बोलत नाहीत. बोलतात ते सोबतच्या माणसांबद्दल. पण अशा जागा मोजक्या. राज्यातल्या बाकीच्या शिक्षकांनी काय करायचं?

माझ्या युनिटमधलं एक उदाहरण सांगते. नव्याने रुजू झालेल्या एका असिस्टंट प्रोफेसरने मला विचारलं, "मॅडम, माझं क्लिनिक एकदा मागे बसून बघाल का?" असं कुणी विचारत नाही आमच्याकडे. वरिष्ठ मागे येऊन बसला म्हणजे चौकशी लागली, असाच अर्थ होतो. मी गेले. पुरुषांच्या वॉर्डात कोपऱ्यातल्या खाटेवर प्लीहा चांगली बेंबीपर्यंत वाढलेला पेशंट होता. तिने सुरेख समजावलं. हात उजव्या बाजूला खालून सुरू करायचा, पेशंटला दीर्घ श्वास घ्यायला सांगायचा, डाव्या बरगडीकडे सरकत जायचं, प्लीहेची खाच कुठे लागते, ती मूत्रपिंडापासून वेगळी कशी ओळखायची. खाटेभोवती मुलांच्या तीन रांगा. पहिली रांग बघत होती, दुसरी वहीत लिहीत होती, तिसरी मोबाइलवर.

संपल्यावर साइडरूममध्ये चहा घेताना मी तिला एवढंच विचारलं, "यातल्या किती मुलांचा हात त्या पोटाला लागला?"

ती गप्प झाली. मग म्हणाली, "मॅडम, एकाचाही नाही. वेळच नाही उरला."

पुढच्या क्लिनिकला ती दहा मिनिटं बोलली आणि थांबली. पेशंटची परवानगी घेऊन तिघा-तिघांना पुढे बोलावलं, बाकीच्यांना शेजारच्या खाटेवर हिस्टरी घ्यायला बसवलं. एका मुलीला प्लीहा हाताला लागल्यावर ती एवढ्या मोठ्याने "लागली!" म्हणाली की पेशंटसुद्धा हसला. त्या असिस्टंट प्रोफेसरचा त्या दिवशीचा चेहरा मला कुठल्याही तणावमुक्ती शिबिरानंतर दिसलेला नाही. नंतर तिने माझं क्लिनिक मागे बसून बघितलं. मला काय सांगितलं ते इथे लिहिणार नाही. याला लागला तो थोडा वेळ आणि एक चहा. पण हे तिच्या बढतीच्या फाइलमध्ये कुठे लिहायचं? त्याला रकानाच नाही.

शिक्षकांच्या स्वास्थ्याचा विषय निघाला की कॉलेजच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हमखास असा निरोप येतो : उद्या दुपारी 4 ते 5 ताणतणाव व्यवस्थापनावर व्याख्यान, प्रत्येक विभागाने किमान पाच शिक्षक पाठवावेत, हजेरी घेतली जाईल, जिओटॅग केलेले फोटो कार्यालयाला पाठवावेत. चार ते पाच ही वेळ बघा. ज्याची इमर्जन्सी नाही त्याची घरी जायची वेळ. वक्ते दीर्घ श्वास घ्यायला सांगतात, मागच्या रांगेतले लोक लॉगबुकांवर सह्या करत असतात. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये बर्नआउटची व्याख्या करताना त्याचं मूळ कामाच्या जागी नीट न हाताळलेल्या ताणात दाखवलं आणि तो आजार नसून कामाशी निगडित स्थिती आहे असं स्पष्ट केलं. आम्ही मात्र कामाची जागा आहे तशी ठेवतो आणि माणसाच्या श्वासाला उपचार करतो. योगाला माझा विरोध नाही, मी स्वतः करते. पण हजेरीपटावरच्या योगाने रात्रीची झोप भरून निघत नाही.

आयोगाच्या कृतिदलाने 2024 मध्ये वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यावर अहवाल दिला. त्याच्या ऑनलाइन पाहणीत एमबीबीएसच्या 25,590 आणि पीजीच्या 5,337 विद्यार्थ्यांनी, तसंच 7,035 शिक्षकांनी उत्तरं दिली. एमबीबीएसच्या 27.8 टक्के मुलांनी आपल्याला मानसिक आजार असल्याचं सांगितलं. रेसिडेंटला आठवड्याला 74 तासांपेक्षा जास्त काम नको, आठवड्याची सुट्टी हवी, सात-आठ तासांची झोप हवी, अशा शिफारशी झाल्या. फार चांगलं झालं. अहवालाचा विषय विद्यार्थी होता आणि तो तसाच असायला हवा होता. पण मुलांना आधार कोण देणार, तर मेंटॉर. मेंटॉर कोण, तर शिक्षक. रात्री अकराला घाबऱ्याघुबऱ्या आवाजात फोन करणाऱ्या मुलाशी काय बोलायचं, त्याला मानसोपचार विभागात कधी न्यायचं, घरच्यांना कधी कळवायचं, हे त्या शिक्षकाला कुणी शिकवलं? आणि पहिल्यांदाच पेशंटच्या मृत्यूनंतर नातेवाइकांच्या घोळक्यात सापडलेल्या तीस-बत्तीस वर्षांच्या असिस्टंट प्रोफेसरचा मेंटॉर कोण? विद्यार्थ्याला मेंटॉर नेमून देण्याचा कागद निघतो, शिक्षकाला नेमून देण्याचा मी तरी पाहिलेला नाही.

त्यात नोकरीची तऱ्हा. सरकारी मेडिकल कॉलेजांतल्या कित्येकांनी उमेदीची वर्षं 120 दिवसांच्या ऑर्डरींवर काढली. ऑर्डर संपली की एक दिवसाचा ब्रेक, मग नवी ऑर्डर. ज्याला चार महिन्यांनी आपण या कॉलेजात असू की नाही हे माहीत नाही, तो अभ्यासक्रम सुधारण्याचा तीन वर्षांचा बेत कशाला आखेल? ऑक्टोबर 2024 मध्ये राज्यात एकाच दिवशी दहा नव्या सरकारी मेडिकल कॉलेजांचं उद्घाटन झालं : गडचिरोली, हिंगोली, वाशीम, बुलढाणा, जालना, भंडारा, अंबरनाथ, अमरावती, नाशिक, मुंबई. जिल्ह्यातल्या मुलाला आणि पेशंटला ती हवीच आहेत, मी त्यांच्या बाजूची आहे. पण शिक्षक काही इमारतीबरोबर बांधून मिळत नाहीत. ते जुन्या कॉलेजांतून प्रतिनियुक्तीवर हलवले जातात. माझ्या एका मैत्रिणीला ऑर्डर हातात पडल्यावर दोन दिवसांत सामान बांधावं लागलं, मुलीची दहावी असताना. मागे राहिलेल्या विभागात तिची लेक्चरं आम्ही वाटून घेतली. म्हणजे एका ऑर्डरने दोन विभाग दमले.

माझी मागणी खर्चाची नाही. आठवड्यातला एक अर्धा दिवस प्रत्येक शिक्षकाच्या रोस्टरवर 'अध्यापन' म्हणून लिहा आणि तो ओपीडीइतकाच पक्का धरा. त्या वेळेत त्याने दुसऱ्याचं क्लिनिक बघावं, आपलं दाखवावं, थिसिस वाचावा, लॉगबुकातलं कौशल्य मुलाकडून खरंच करून घ्यावं. एकमेकांच्या वर्गात बसून केलेलं काम बढतीच्या फाइलमध्ये एका शोधनिबंधाइतकं तरी धरा. फाइलसाठी पाडलेल्या शोधनिबंधांनी आजवर कुणाचं भलं झालं ते मला कळलेलं नाही. नव्या शिक्षकाला पहिल्या वर्षी युनिटबाहेरचा एक वरिष्ठ नेमून द्या. युनिटबाहेरचा अशासाठी, की जो गोपनीय अहवाल लिहितो त्याच्याजवळ कुणी रडत नाही. आणि विभागाला एक क्लार्क द्या. प्राध्यापकाने एक्सेल भरायचं आणि क्लार्कची जागा रिक्त ठेवायची, हा कुठला हिशेब?

यावर वरून एकच प्रश्न येतो, आणि तो रास्त आहे : तेवढ्या वेळात पेशंट कोण बघणार? आमच्या वॉर्डात पेशंट जमिनीवर गादी टाकून झोपलेले असतात, हे मला माहीत आहे. अर्धा दिवस सगळ्यांचा एकाच वेळी नसतो. युनिटमध्ये तीन शिक्षक असतील तर तिघांचे वार वेगळे लावता येतात, हे रोस्टर लावणाऱ्या कुठल्याही हाउसमनला समजेल. शिवाय वर्षातून एकदा विद्यापीठाची स्थानिक चौकशी समिती येते. तिला आम्ही सगळे एलआयसी म्हणतो, तिचा विम्याशी संबंध नाही. आयोगाचं इन्स्पेक्शन कधी येईल ते सांगता येत नाही. त्या दिवशी सुट्ट्या रद्द होतात आणि प्रोफेसरपासून ट्यूटरपर्यंत सगळे शिक्षक डिक्लेरेशन फॉर्म, मूळ प्रमाणपत्रं आणि आधार कार्ड घेऊन सकाळपासून एका हॉलमध्ये नाव पुकारायची वाट बघत बसलेले असतात. बाहेर ओपीडी चालू असते, वॉर्ड चालू असतात. त्या दिवशी पेशंट कोण बघतं, हे आजवर कुणी विचारलेलं नाही.