नोकरी बदलली, लेखणीचं काय?

आमच्या नातेपुत्यातला एक दादा दोन वर्षं तालुक्याच्या साप्ताहिकात उसावर सदर लिहितोय. उतारा म्हणजे काय, एफआरपी कशी ठरते, १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार १४ दिवसांत बिल मिळालं नाही तर वर्षाला १५ टक्के दराने व्याज मागता येतं, हे गावात बऱ्याच जणांना त्याच्यामुळे कळलं. गेल्या महिन्यात त्याला एका साखर कारखान्याच्या शेती विभागात नोकरी लागली. एसटी स्टँडवर चहा पिता पिता कुणीतरी बोललंच, "आता काय, कारखान्याचंच गाणं गाणार!"

दादाने मला विचारलं, "तू पत्रकारिता शिकतेस ना? सांग, लिहिणं बंद करू का?"

मी म्हटलं, बंद नको करू. पण पहिल्यासारखंही लिहू नकोस.

आगरकर आठवा. १८८१ मध्ये 'केसरी' निघाला, तेव्हा तेच पहिले संपादक होते. पुढे समाजसुधारणेच्या प्रश्नावर टिळकांशी मतभेद वाढले. १८८७ मध्ये त्यांनी 'केसरी' सोडला आणि १८८८ मध्ये 'सुधारक' काढला. जागा बदलली, मत बदललं नाही. लोक प्रचंड चिडले, पण हा माणूस कुठे उभा राहून बोलतोय, हे सगळ्यांना स्वच्छ दिसत होतं.

दादा काही स्वतःचं पत्र काढू शकत नाही. त्याला घर चालवायचंय. पण कुठे उभा आहे, हे तर सांगू शकतो! पैसे घेऊन क्रीमची शिफारस करणाऱ्या इन्फ्लुएन्सरलाही कंपनीशी असलेलं नातं सांगावं लागतं. केंद्राचे २०२२ चे नियमच आहेत तसे. मग उसाच्या पैशाबद्दल लिहिणाऱ्याने का लपवावं?

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. प्रत्येक लेखाखाली 'लेखक अमुक कारखान्यात नोकरीला आहे' ही ओळ हवी. आपल्या कारखान्याचं कौतुक नको, टीकाही नको. तो विषय संपादकाने दुसऱ्याकडून लिहून घ्यावा. आणि छापण्याआधी लेख साहेबांना दाखवायचा नाही.

एवढ्याने भागेल? नाही. उद्या त्याच्याच कारखान्याचं बिल थकलं, तर दादा गप्प आणि शेतकरी वाट बघतोय, असं होईल. तेव्हा 'यावर मी लिहू शकत नाही' हे तरी छापून यावं. असं वारंवार व्हायला लागलं, तर मात्र सदर सोडावं.

पुढच्या वर्षी आमच्या वर्गातले निम्मे जण पीआरमध्ये किंवा जाहिरात कंपनीत असतील. कदाचित मीही. पगार कुणाचाही घेऊ, त्यात लाज नाही. पण वाचकाला ते दुसऱ्याकडून कळलं, तर आधी लिहिलेलं खरंही त्याला खोटं वाटायला लागतं.

दादाच्या या आठवड्याच्या लेखाखाली ती ओळ आलीये. स्टँडवर चर्चा चालूच आहे, पण लेख वाचून!