कपाटातला पासपोर्ट

“मक्का-मदिनेच्या मुलखात रोजे, नशीबवान हायेस!” वैरागला आलो की हेच ऐकतो. सौदीत मी इंग्रजी शिकवायचो. अरबीत ‘प’ नाही, मुलं ‘पार्किंग’चं ‘बार्किंग’ करत. त्याचा वैताग नव्हता, हसूच यायचं. घड्याळ अडीच तास मागे. अम्मीचा इफ्तारनंतर फोन यायचा तेव्हा मी पेपर तपासत असायचो. तेही चालायचं. पण पासपोर्ट शाळेच्या कपाटात! तिथल्या नियमातही हे बसत नाही. अब्बा गेले तेव्हा चावीवाले साहेब सुट्टीवर होते. मी मातीला पोहोचलो नाही.

मार्च 2021 पासून मालकाच्या संमतीविना मायदेशी येण्याची सोय झाली. घरगुती नोकर, ड्रायव्हर मात्र त्यातून वगळले. आपल्या भागातून शिक्षक कमी, ड्रायव्हरच जास्त जातात.