दहा मिनिटांचं ओझं



गेल्या चातुर्मासातली गोष्ट. सूर्यास्ताला अर्धा तास उरलेला, अचानक पाहुणे आले आणि घरातलं दूध संपलेलं. मोबाइलवरून मागवलं. दहा मिनिटांत मुलगा दारात, पावसात चिंब भिजलेला. पाणी विचारलं, तर म्हणाला, "नको काकू, पुढची ऑर्डर आलीय." दुपारी जेवलास का, यावर नुसता हसला.

आमचं जेवण सूर्यास्ताआधी झालं, पण घास गोड लागला नाही.

अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आपण पाठशाळेत पाठ केलेत. त्यातले दोन म्हणजे अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. बैलावर पेलवेल तेवढंच ओझं घालावं, आपल्यासाठी राबणाऱ्याला उपाशी-तहानलेलं ठेवू नये, असं आपल्याला शिकवलं. आता बैलगाडी नाही, पण ओझं आहेच. ते वजनाचं नाही, मिनिटांचं आहे.

पूर्वी किराणा दुकानातला मुलगा सामान आणून द्यायचा. त्याला ठरलेला पगार होता, दिवाळीला कपडे मिळायचे, आजारी पडला तर शेठजींना सांगता यायचं. या मुलाला जेवढ्या ऑर्डर तेवढेच पैसे. गाडी त्याची, पेट्रोल त्याचं. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालानुसार असं काम करणारे २०२०-२१ मध्ये देशात सुमारे ७७ लाख होते, आणि २०२९-३० पर्यंत ते २.३५ कोटी होतील असा अंदाज आहे. सामाजिक सुरक्षा संहितेने २०२० मध्ये त्यांची दखल घेतली, पण ती लागू व्हायला नोव्हेंबर २०२५ उजाडला.

माझी जाऊ म्हणते, "आपण मागवलं नाही, तर त्यांची चूल कशी पेटणार?" खरं आहे. म्हणून मागवूच नका, असं मी म्हणत नाही. पण घाई कुणाची होती? माझी. सकाळी डबे उघडून पाहिले असते, तर ती वेळच आली नसती.

आता मी यादी सकाळीच करते. ऐन पावसात किंवा भर उन्हात काही मागवत नाही. उशीर झाला म्हणून स्टार कापत नाही, कारण त्याच्या पुढच्या कामावर त्याचा परिणाम होऊ शकतो. दाराशी गाळलेल्या पाण्याचा तांब्या भरलेला असतो.

पाणी गाळताना आपण डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवाला जपतो. मग दारात उभा असलेला, धापा टाकणारा जीव आपल्याला कसा दिसत नाही?

तुमच्या घरी काय करता, जरूर कळवा.