थांब म्हणण्याचा हक्क

चाकण-भोसरीच्या प्रेस शॉपमध्ये तोंडानं बोलून काम भागत नाही. ठोक्यामागून ठोका पडत असतो, कानांत इअरप्लग असतात. ऑपरेटर बीडचा, हेल्पर बिहारचा. दोघांचं सगळं बोलणं हातांनी. क्रेनला खूण करणारा तर्जनी वर धरून हात गोल फिरवतो, हूक वर जातो. बोट खाली करून फिरवलं की लोड उतरू लागतो. क्रेनवाल्यानं खुणा एकाच माणसाच्या पाळायच्या असतात. अपवाद एका खुणेचा. हात आडवा, तळवा जमिनीकडे, म्हणजे थांब. ही खूण कुणीही करावी, अगदी झाडलोट करणाऱ्या मावशींनीसुद्धा, आणि क्रेन थांबलीच पाहिजे.

यंदाचा दिवाळी अंक बोलण्या-ऐकण्यावर काढायचा ठरला तो या नियमामुळे. शेडबाहेर, मीटिंगमध्ये, तोच हेल्पर ‘साहेब, एक मिनिट’ म्हणाला की त्याला ‘मध्ये बोलू नकोस’ असं ऐकावं लागतं. साहेबांनी त्याचं वाक्य तोडलं तर कुणाला काही वाटत नाही. मध्ये बोलणं हा आपण शिष्टाचाराचा प्रश्न मानतो. मला तो अधिकाराचा वाटतो.

एरवी बोलणं चालतं तेच एकमेकांच्या बोलण्यात शिरून. 2009 साली दहा भाषांतल्या संभाषणांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. प्रश्न संपल्यापासून उत्तर सुरू होईपर्यंत सरासरी सेकंदाचा जेमतेम पाचवा भाग जातो, असं त्यात दिसलं. एवढ्यात वाक्य सुचत नाही. समोरचा बोलत असतानाच ऐकणारा आपलं उत्तर जुळवत असतो. आणि आळंदी तर आपल्या शेजारचीच. ज्ञानेश्वरीत श्रोते ज्ञानदेवांना मध्येच थांबवतात, आता मूळ विषयाकडे या म्हणतात, आणि ते थांबवणं ओव्यांमध्ये तसंच राहू दिलेलं आहे. गोष्ट सांगणारी माझी आजीही आमचा ‘हं’ आला नाही की गप्प व्हायची.

या अंकासाठी पिंपरीतल्या एका निवृत्त फिटरकाकांना भेटलो. मित्राच्या अपघाताबद्दल सांगताना ते अडखळत होते. मी त्यांचं वाक्य पुरं करून टाकलं. दोनदा. तिसऱ्या वेळी त्यांनी नुसता हात आडवा धरला, तळवा खाली. मी थांबलो. चहा निवून गेला तरी ते काही बोलले नाहीत. त्यानंतर त्यांनी जे सांगितलं, ते पुढच्या पानावर त्यांच्याच शब्दांत आहे.